तिसरा शर्ट

मंगळवार, १४ तारीख, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. जिने चढणं बंद कर आणि मुलींना पाठव वर. मी ठीक आहे. घसा अजून धरलेलाच आहे. डॉक्टर म्हणतात बोलू नका, म्हणून लिहिते आहे.

सभागृहाला बाबांचं नाव लागतंय हे चांगलंच झालं. दाराशी काचेची पेटी, पेटीत त्यांचा शर्ट, खाली पाटी ‘दोन शर्टांचे मास्तर’. तो शर्ट आईच्या ट्रंकेत, माझ्याकडे आहे, हे तुझ्या बरोबर लक्षात राहिलं. धुऊ नकोस, जुनेपण जाईल, असंही बजावलंयस. अरे, त्या शर्टाला उभ्या जन्मात एवढी सुट्टी कुणी दिली नव्हती.

आणि उद्घाटनाला मी बोलायचं. “ताई, दोन शर्टांचा किस्सा हवाच.” हवाच. चाळीस वर्षं सांगते आहे मी तो. दिवसा शाळा, संध्याकाळी शिक्षकांच्या संघटनेची सभा, आणि माणसाकडे शर्ट किती, तर एक अंगावर, एक दोरीवर. इथे मी थांबायचे. टाळी पडायचीच. आपल्या काटकसरीची मला कधी लाज वाटली नाही. पाचजणींत मिरवायचे मी ती.

आता जे कुठल्याच व्यासपीठावर सांगितलं नाही ते ऐक. तू तेव्हा तीन वर्षांचा होतास, तुला आठवायचं कारण नाही.

ज्या घरात वीस शर्ट असतात तिथे आठवड्यातून एकदा धुणं निघतं. ज्या घरात दोनच असतात तिथे रोज. आजारी असलं तरी रोज, ऊन नसलं तरी रोज. बाबा शाळेतून आले की अंगातला शर्ट काढायचे, दोरीवरचा घालून सभेला जायचे, आणि काढलेला सकाळपर्यंत वाळून कडक इस्त्रीत हवा. थंडीच्या दिवसांत आई तो इस्त्रीनेच वाळवायची. तिचे अंगठे साबणाने चिरले होते. चिंधी बांधायची, ती भिजायची, मग दुसरी बांधायची. कंपाउंडरने सांगितलं, बाई, पंधरा दिवस पाण्यात हात घालू नका. आई हसली आणि घरी येऊन बादली भरली.

मग तिने एक चोरी केली. खालच्या शिंपीणबाईंकडे बाबांचे शर्ट शिवले त्याच ताग्यातलं कापड उरलं होतं. त्याचा तिने तिसरा शर्ट शिवला. हुबेहूब. नवी कोरी कॉलर कपड्यांच्या ब्रशने घासघासून जुनी केली. बाबांच्या दोन्ही शर्टांना उजव्या कोपरावर रफू होतं, म्हणून याच्या धडधाकट कोपरावरही तसंच रफू घातलं. फाटलेलं नसताना. एवढं कौशल्य, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून.

चार महिने बाबांना पत्ता लागला नाही. आता धुणं एक दिवसाआड. आईची बोटं भरून आली. मधल्या रिकाम्या दुपारी ती वाचनालयातून पुस्तकं आणायची आणि खिडकीशी बसून वाचायची. तिला वाचताना मी पहिल्यांदा तेव्हाच पाहिलं.

मग कुणीतरी बाबांना सांगितलं.

 पुढच्या रविवारी ते सभेला आम्हा सगळ्यांना घेऊन गेले आणि व्यासपीठावर पिशवीतून शर्ट काढला. म्हणाले, माझ्या घरात चुकून एक वस्तू जास्त झाली आहे, जास्तीचं माझं नव्हे. सभागृहाच्या रखवालदाराला वर बोलावून त्याच्या हातात तो दिला. वर विनोदही केला: “आता घरातल्या बाईलाही एक शर्ट कमी धुवावा लागेल.” लोक हसले, मग उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मीही. आई माझ्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसली होती. ती टाळ्या वाजवत नाही याचा मला राग आला होता.

चौथ्या दिवशी चिंध्या परत आल्या. खिडकीतलं पुस्तक मुदत संपायच्या आत परत गेलं, अर्धं वाचलेलं.

कुणीतरी म्हणजे मी. दहा वर्षांची होते. वर्गात ‘माझे वडील’ यावर भाषण होतं. मी दोन शर्ट म्हणाले, आणि एकजण मागून म्हणाली, “तीन आहेत, एक सरांच्या अंगावर असताना मी तुमच्या दोरीवर दोन बघितलेत.” घरी येऊन जेवताना बाबांना विचारलं, खरं किती? आई वाढत होती. तिचा हात थांबला नाही, फक्त मला दोनदा वाढलं गेलं. बाबांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, ही माझी खरी मुलगी. त्याच रविवारी त्यांनी मला दोन मिनिटं व्यासपीठावर बोलायला लावलं. मी वक्ती झाले ती तिथून. आईने मला जन्मभर एका शब्दाने विचारलं नाही.

काल ट्रंक उघडली. तुझ्या पेटीसाठी शर्ट बाहेर काढला आणि उजवी बाही उलटी केली. रफूखालचं कापड सलग आहे. कधी फाटलेलंच नाही. म्हणजे त्या रविवारी बाबांनी उचलला तो आपलाच जुना होता. तिसरा कुठला हे त्यांना ओळखता आलं नाही. आईला ते त्याच क्षणी कळलं असणार. हा शर्ट त्यांनी पुढे अकरा वर्षं घातला, आणि एवढी वर्षं मी त्याचीच गोष्ट सांगत आले.

शर्ट सोबत पाठवते आहे. पेटीत जरूर ठेव, पण बाही उलटी करून, रफूची आतली बाजू लोकांकडे. पाटीवर आईचं नाव घाल. भाषणाला मी येईन, आणि बोलेन ते एवढंच बोलेन, जेवढं इथे लिहिलं आहे. ते समितीला चालणार नसेल, तर निमंत्रणपत्रिका छापायच्या आधी माझं नाव काढून टाक. बाबांचं नको काढूस. तो माणूस ढोंगी नव्हता. स्वतःकडे खरंच दोन ठेवायचा. रोज धुणारं कुणी आहे, एवढंच त्याने कधी हिशेबात धरलं नाही.

गुडघ्याला शेक दे.

त्या रविवारी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवलेली,
तुझी ताई