आईच्या बाजूची सीट

९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत. बाबांचा गुडघा कुरकुरतोय, पण तोंड त्याहून जास्त. भाऊजींना सांग, त्यांनी पाठवलेली डॅशबोर्डची लाकडी पट्टी मापात बसली. पॉलिश मीच केलं, बोटं अजून तपकिरी आहेत.

आपली जुनी गाडी आतून ओळखू येत नाही. छताला पडद्याच्या दुकानातलं उरलंसुरलं कापड लावलं. सीटवाल्याने मजुरी अशी काही सांगितली, की म्हटलं गेला उडत, आपणच शिवू. परवा शेजारचे मास्तर आत बसून म्हणाले, "वा! काय हात आहे रे तुझा!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाल्हाळ पुरे. असे तीन कागद फाडून झालेत.

ताई, आईच्या बाजूच्या, ती नेहमी बसायची त्या सीटचं कव्हर उंदरांनी नाही कुरतडलं. फोनवर मी तुझ्याशी खोटं बोललो.

एवढ्या जुन्या गाडीची मापं कुठे मिळत नाहीत. जुनं कव्हर उसवायचं, सपाट पसरायचं आणि त्यावरून खडूने नवीन बेतायचं. आईने लावलेलं ठिगळ मध्येच फुगत होतं. तेच गं, बाबांच्या कोटाचं. शेवटच्या वर्षी तिचे हात थरथरायचे आणि तू सुई ओवून द्यायचीस. "एवढं मला ठेव," असं तू दोनदा बजावलं होतंस. मी विसरलो नव्हतो. कात्री ठेवून चहा पिऊन आलो आणि ठिगळ कापून काढलं. दुसऱ्या सीटवरून माप घेता आलं असतं, फक्त एक दिवस जास्त गेला असता. पण मला रविवारी जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात मिरवायचं होतं ना!

तू फोनवर रडलीस. म्हणालीस, "चूक माझीच रे, ते ठिगळ मीच आधी न्यायला हवं होतं." आणि मी नालायक काय म्हणालो? "जाऊ दे गं." जसं काही मीच तुला माफ करत होतो! लाज वाटते गं, फार लाज वाटते. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

अजून एक सांगायचं राहिलंय. फोम कमी पडला, म्हणून सगळ्या चिंध्या मी ड्रायव्हरच्या सीटमध्ये कोंबल्या. ठिगळही त्यातच आहे. त्यावर बसून मी गावभर वाहवा मिळवत फिरलो. काल उसवायला घेतलं, पण हात धजेना.

तू ये आणि तुझ्या हाताने उसव. मला वाट्टेल ते बोल, मी ऐकून घेईन. फक्त चूक तुझी होती, असं पुन्हा कधी म्हणू नकोस.

तोंड दाखवायला लाजणारा,
तुझा धाकटा