गणवेशावरचा फ्रॉक

मागोमेनी, दार एस सलाम
५ जानेवारी १९९७

ती. आइकांडेताईस,
धाकट्या मांकाचा शिकामू. शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली केळी पोचली. अर्धी वाटेतच पिकली होती, तरी अनासियाने फडशा पाडला. सालीसुद्धा मोजून ठेवल्या असत्या, इतकी तिला तुझी आठवण येते.

आता वाईट बातमी. खोली सोडायची आहे. घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि नव्या सुनेला आमचीच खोली हवी, कारण खिडकी अंगणाकडे उघडते. मुदत महिनाअखेरची. मालकीणबाई स्वतः भाताचं ताट घेऊन आल्या आणि रडत सांगून गेल्या. रडणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

इथे जवळपास काही परवडत नाही. म्हणजे शहराच्या कडेला जायचं. अनासियाचे बाबा म्हणतात म्बागाला, कारण बंदर जवळ, कामाची पाळी चुकणार नाही. म्बागालाच्या शाळेत मी जाऊन आले. मागची मुलं उभी राहून, पुढच्याच्या पाठीवर वही टेकवून लिहितात. मला किमारा हवं. टेकडी आहे, वारा आहे, दारात केळीचे खुंट लावता येतील. पण तिथे पाणी नाही आणि जवळ शाळा नाही. अनासियाला शहरातल्या आताच्याच शाळेत यावं लागेल. सकाळी ती माझ्याबरोबर येईल. परत जाताना एकटी, कारण तिची शाळा दुपारी सुटते आणि माझं शिवणाचं दुकान संध्याकाळी. दुकानाचे मालक तिथे पोरं बसू देत नाहीत. कापडाला हात लागतात म्हणे.

हे म्हणाले, टेकडी खाऊन पोट भरतं का. मी म्हटलं, बंदराच्या वासानेही भरत नाही. तेव्हापासून आम्ही एकमेकांशी फक्त मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलतो.

तू शाळेतली बाई. तू सांगशील ते ऐकेन. फक्त पोरीला माझ्याकडे पाठव, असं लिहू नकोस. सात वर्षांची आहे आणि एकच आहे.

तुझी माया आहे, ती आटू देऊ नकोस.
मांका


मारांगू
१६ जानेवारी १९९७

चि. मांकास,
मरहबा. अनेक आशीर्वाद. वि. वि.

लिहू नको म्हटलंस तेच आधी लिहिते, म्हणजे डोक्यातून जाईल. माझं घर शाळेच्या कुंपणाला लागून आहे. हे गेल्यापासून दुसरी खाट रिकामी आहे. लिहिलं. आता विसर.

शाळा बदलू नकोस. मागे उभ्या राहणाऱ्या मुलांचं काय होतं ते मी बघितलं आहे. काहीच होत नाही. ती सातवीपर्यंत येतात आणि त्यांना वाचता येत नाही. घर कुठलंही घे. किमारा तर किमारा.

फानुएलना माझा निरोप दे. लग्नात सगळ्यांसमोर म्हणाले होते, मांकासाठी किलिमांजारो पाठीवर घेऊन येईन. ती तर नुसती टेकडी मागते आहे. स्वस्तात सुटले म्हणावं.

काळजी वाटते ती परतीच्या वाटेची. कुणी ओळखीची बाई त्या बसने जाते का बघ.

खुशाली लिहीत जा, त्यावरच माझे दिवस जातात.
आइकांडे


किमारा
९ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस,
शिकामू. शि. सा. न. वि. वि.

आलो. वारा आहे. पाणी गाढवावरून येतं आणि गाढव मनाला येईल तेव्हा येतं. तुझा निरोप ऐकून अनासियाचे बाबा हसले आणि दुसऱ्या दिवशी भाडं ठरवून आले. आता त्यांना बंदरावर जायला दोन बस लागतात. अंधारात निघतात, अंधारात येतात. तक्रार करत नाहीत. केली असती तर बरं वाटलं असतं.

त्रास पोरीचा आहे. शाळेच्या मुलांना अर्धं भाडं, म्हणून डालाडालाचा, म्हणजे इथल्या छोट्या बसचा, कंडक्टर गणवेश दिसला की दारात हात आडवा धरतो. मोठी माणसं चढतात, पोरं खाली. एकाने तिला म्हटलं की तू अर्धी आहेस, अर्ध्या बसमधून ये. सगळी बस हसली. पहिल्या आठवड्यात ती रोज दिवेलागणीला घरी पोचली. ओठ सुकलेले. मी विचारलं तर म्हणाली, मला घेत नाहीत.

शेवटी मी एक उपाय काढला. दुकानात उरलेल्या पिवळ्या फुलांच्या कापडाचा सैल फ्रॉक शिवला, गळ्यापासून गुडघ्याखालपर्यंत. शाळा सुटली की गणवेशावर चढवायचा. दप्तराऐवजी बाजाराची पिशवी. पूर्ण भाडं द्यायचं आणि कुणी विचारलंच तर सांगायचं, मी शाळेत जात नाही. दोनदा घोकून घेतलं. आता ती माझ्या आधी घरी असते, शेजारणीकडे बसून शेंगा सोलते.

यांना सांगितलेलं नाही. पोरीला खोटं शिकवलं म्हणतील. तूही लिहू नकोस.

मला तुझ्या मनातून उतरवू नकोस.
मांका


मारांगू
२० फेब्रुवारी १९९७

चि. मांकास,
मरहबा. आशीर्वाद.

फ्रॉक ठीक. ते वाक्य नको. लहान मूल कंडक्टरला वेगळं आणि जगाला वेगळं सांगत नाही. शिकवलं ते सगळीकडे सांगतं. तिला आजच सांग की हे फक्त बसमध्ये. किंवा तिला काही बोलायलाच लावू नकोस, भाडं मुकाट्याने देऊ दे.

मी रागावलेली नाही. घाईत लिहिते आहे.
आइकांडे


किमारा
३ मार्च १९९७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अनासिया सापडली आहे. हे आधी लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ती हरवली. पत्र पिशवीत होतं, वाचलं नव्हतं.

तिची बस अर्ध्या रस्त्यात, उबुंगोला वळली. कंडक्टर म्हणाला, उतरा, आम्ही परत फिरतोय. असं ते रोज करतात. ती दुसऱ्या बसमध्ये चढली. गर्दीत तिला बाहेर दिसलं नाही आणि किमारा मागे पडलं. शेवटच्या थांब्यावर, म्बेझीला उतरवलं. तिथे रस्त्यावर भात विकणाऱ्या एका बाईने तिला विचारलं, शाळेत जातेस का. ती म्हणाली, नाही. बाईला वाटलं, कुणाच्या घरी कामाला ठेवलेली पोर, पळून आली असणार. खेड्यातून आणलेल्या अशा पोरी इथे पुष्कळ. तिने जेवायला घातलं आणि भांडी घासायला बसवलं. ताई, त्या बाईचं काही चुकलं नाही. पोरीने चांगली भांडी घासली म्हणून दोन वेळा शाबासकी दिली म्हणे.

इकडे अनासियाचे बाबा पोलीस चौकीत गेले, चर्चमध्ये गेले, मशिदीच्या भोंग्यावरून ओरडून आले. सगळीकडे एकच सांगितलं. पांढरा शर्ट, निळा स्कर्ट. त्यांना दुसरं माहीतच नव्हतं. मी दारात बसून होते, ती येईल म्हणून. ते परत येऊन म्हणाले, कुणी अशी पोर बघितलीच नाही. तेव्हा मला फ्रॉक आठवला. इतका वेळ मीसुद्धा तिला गणवेशातच शोधत होते.

त्यांना सांगितलं. ते म्हणाले, कापड आहे का उरलेलं. होतं. तो तुकडा घेऊन आम्ही पहाटेपासून प्रत्येक बस थांबवली. एका कंडक्टरने ओळखलं. एवढीशी पोर पूर्ण भाडं देते म्हणून लक्षात राहिली, म्हणाला.

आम्ही पोचलो तेव्हा ती पातेलं घासत होती. तिने हात पुसले आणि आधी मला विचारलं, आता सांगू का.

दुसऱ्या दिवसापासून मी तिला बसमध्ये बसवू शकले नाही. आठवडा झाला, ती घरी आहे. अनासियाचे बाबा इतकंच म्हणाले, तू शिकवलंस ते ती नीट शिकली. त्यांनी मारलं असतं तर सोपं होतं. घरं बघून आलो. शाळा जवळ तर भाडं झेपत नाही, भाडं झेपतं तर शाळेत जागा नाही. आणखी कुठे बघायचं मला कळत नाही.

जानेवारीत तू एक गोष्ट लिहिलीस आणि विसर म्हणालीस. विसरले नाही. ती परत लिही, म्हणजे मला विचारावं लागणार नाही.
मांका


मारांगू
११ मार्च १९९७

चि. मांकास,

पाठव.

आइकांडे


मारांगू
६ एप्रिल १९९७

चि. मांकास,
मरहबा. अनेक आशीर्वाद. वि. वि.

फानुएल अनासियाला इथे सोडून गेले तेव्हा जेवले नाहीत. निघताना तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे होते. बस भोंगा वाजवत होती.

पोर बरी आहे. दूध पिते. शेळीला नाव ठेवलं, कंडक्टर, कारण ती दारात आडवी उभी राहते.

एक सांगायचं आहे. शाळा कुंपणापलीकडे आहे, हे तुला माहीत आहे. इथे बस नाही, भाडं नाही. तरी रोज सकाळी ती गणवेशावर तो पिवळा फ्रॉक घालते आणि गळ्यापर्यंत बटणं लावते. मी म्हटलं, इथे नको. ती म्हणाली, घातला की बाहेर काढत नाहीत. वर्गात हजेरीला नाव आलं की आधी माझ्याकडे बघते, हजर म्हणू का अशी. मी मान हलवते, मग म्हणते.

मुख्याध्यापक मला दोनदा बोलले. काढून घेऊ का? तू सांगशील तसं करेन.

तिचं मन तुझ्यापाशीच आहे, तू खचू नकोस.
आइकांडे


कुरासिनी
२० एप्रिल १९९७

ती. ताईस,
शिकामू. शि. सा. न. वि. वि.

पत्ता बदलला आहे, वर बघ. एका दुपारीत घर मिळालं. एकच छोटी खोली, म्हणून झेपली. तिघांना पुरली नसती. बंदर चालत जाण्याइतकं जवळ आहे, यांची झोप पुरी होते. आता शाळा बघायची नव्हती, त्यामुळे काही अडलं नाही.

मागेच एक शाळा आहे. तिथे जागा नाही, विचारून आले. मुलं खिडकीखालून चालत जातात. शिवण मी आता घरीच करते, ती वेळ होते तेव्हा मशीन चालवते.

फ्रॉक काढून घेऊ नकोस. तिला हवा आहे तोवर असू दे. खाली चार बोटं दुमड ठेवली आहे, आतून, पांढऱ्या दोऱ्याने. आखूड झाला की उसव.

तिला जवळ घेऊन झोप.
मांका