तळघरातली हवा

७ जानेवारी

"दिवसाला किती सिगारेटी?" — नव्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न! एकही नाही म्हटलं, तर पेन खाली ठेवून असे बघत राहिले, जणू मी त्यांच्या खिशात हात घातलाय. फुप्फुसाचा कॅन्सर म्हणजे बाई ओढतच असणार. नवरा ओढतो? नाही. सासरे ओढायचे? नाही हो, नाही!

शेवटी विचारलं, काम कुठे करता. ऑफिसच्या तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये, एकोणीस वर्षं. तेव्हा कुठे पेन उचललं.

८ जानेवारी

नणंद आली. "वहिनी, आपल्यातच राहील. लपून ओढत होतीस ना?" वर गुडघ्यावर हात ठेवून! हाकलून द्यायला हवं होतं. चहा दिला. स्वतःचाच राग येतो.

१५ जानेवारी

डॉक्टरांनी आज नीट सांगितलं. जमिनीतल्या दगडामातीतून रेडॉन नावाचा वायू निघतो. वास नाही, रंग नाही. उघड्यावर विरून जातो, बंद तळघरात साचतो. श्वासाबरोबर आत गेला की फुप्फुसातच त्याचा किरणोत्सर्ग. आयुष्यात सिगारेट न ओढलेल्यांनाही त्यामुळे हा रोग होऊ शकतो. "पण मोजल्याशिवाय मी काही लिहून देणार नाही."

साहेबांना अर्ज दिला — तळघर मोजा, आणि वायू जास्त निघाला तर आजार कामामुळे झाला असं लिहून द्या. दुसरं काही नको मला. कागद हवा. नणंदेच्या तोंडावर फेकायला!

२ फेब्रुवारी

मोजणीवाला येऊन गेला म्हणे. वायू मोजणाऱ्या, मुठीत मावतील अशा चार डब्या तळघरात ठेवल्यात. तीन महिने हलवायच्या नाहीत, काम रोजच्यासारखं चालू ठेवायचं.

माझ्या जागेवर आता एक नवी मुलगी बसते. लग्नाला वर्ष झालेलं नाही, फायलींचा गठ्ठा धड बांधता येत नाही. फोन करून विचारते, "ताई, तुमची उशी खुर्चीवर तशीच राहू दे का?" राहू दे. तू बस तिच्यावर.

२० मार्च

सलाईन. उलट्या. भेटायला येणाऱ्यांचा वीट आलाय.

९ मे

अहवाल आला. वायू मर्यादेच्या आत! साहेब फोनवर साखर पेरत होते — "बरं झालं ना बाई, काळजी मिटली." कुणाची मिटली? डब्या वरच्या मजल्यावर ठेवल्या असणार, दुसरं काय!

हे म्हणतात, सोड आता. यांनाच विचारलं, तुम्हालाही वाटतं का मी ओढत होते? आधी माझ्या औषधांच्या बाटल्या ओळीने लावल्या. मग "नाही" म्हणाले.

१२ मे

हे नको नको म्हणत असताना ऑफिसात गेले. तळघराच्या सोळा पायऱ्या, तीनदा बसले. डब्यांच्या खुणेच्या चिठ्ठ्या अजून कपाटांना चिकटलेल्या — जागा बरोबर होत्या. पण खोली ओळखू येईना. वारा येत होता! रस्त्याकडचे दोन्ही झरोके सताड उघडे.

नवी म्हणाली, "कुबट वास यायचा ना ताई, म्हणून पहिल्या दिवसापासून मी आल्याआल्या उघडते."

ते झरोके मी बंद केले होते. धूळ येते म्हणून, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात. झडपा लावल्या, फटींवर कापडाच्या पट्ट्या चिकटवल्या, या हातांनी. एकोणीस वर्षांत एका कागदावर धूळ बसू दिली नाही, याचा केवढा तोरा मिरवला!

नवीला तोंडाला येईल ते बोलले. हात लावायला कुणी सांगितलं, माझा पुरावा घालवलास. ती रडली. मला बरं वाटलं.

१४ मे

मोजणीवाला म्हणतो, झरोके बंद ठेवून पुन्हा मोजू, तीन महिने. साहेब म्हणतात मोजा, पण काम थांबणार नाही. म्हणजे आत नवी बसणार. बसू दे की! मी एकोणीस वर्षं काढली, तिला तीन महिने जड आहेत?

संध्याकाळी तिचाच फोन. "ताई, मी बसेन. झडपा आजच लावल्या. पट्ट्या कशा चिकटवायच्या तेवढं सांगा." सांगितलं — खळ लावून, दुहेरी. "थँक्यू ताई" म्हणाली. मूर्ख मुलगी! जेवण गेलं नाही.

१५ मे

अर्ज मागे घेतला. सुताराला बरोबर नेलं आणि दोन्ही झडपा बिजागऱ्यांसकट उपटून काढवल्या. साहेब जिन्यात उभे राहून ओरडत होते, कागद धुळीने भरतील! म्हटलं, भरू देत. झडपा घरी आणल्यात, माझ्या पलंगाखाली आहेत. येऊ दे कुणाला मागायला!