बेटावरचे बत्तीस

बेट, ता. ४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे भरभरून आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आम्ही मजेत आहोत असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलायची सवय नाही. तेलाचं जहाज फुटून सात महिने झाले, तरी किनाऱ्यावरचा दगड उचलला की हात काळा होतो. मासा गेला, होड्या उपड्या पडल्या, मग आमचे दोर घेणार कोण? वन्सं आणि मी तरी रोज दोरशाळेत जातो, चाकाला तेल घालतो (तेलाला इथे काय तोटा!) आणि घरी येतो.

तुझ्या कचेरीने बेट सावरण्यासाठी योजना मागवल्या, म्हणून परवा शाळेत सभा भरली. न्हाव्याने हॉटेल काढायचं सुचवलं. पाहुण्यांनी काळ्या पाण्यात पोहायचं का, असं वन्संनी विचारलं तेव्हा तो रुसून बसला. मास्तर मधमाश्यांवर तासभर बोलले. शेवटी आमचीच योजना ठरली. होड्यांचे दोर सोडून बांधकामाचे दोर वळायचे. तुमच्या तिकडच्या दोन ठेकेदारांनी नमुने पाहून होकार कळवलाय. कागद सोबत आहे. काम करणारे किती, या रकान्यात बत्तीस लिहिलंय, सगळे हात बसलेले.

योजना मंजूर झाली नाही तर फेरीबोट बंद करून आम्हाला तिकडे हलवणार म्हणतात. साठीला आले, आता कुठे नवीन चूल मांडू? तू कितीही मोठा साहेब झालास तरी कागदावर डोळा ठेव.

माया आटू देऊ नकोस.
तुझी ताई

ता. २ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझा कागद मिळाला. अक्षर अजून मोत्यासारखं आहे. कोपऱ्यातला चहाचा डाग तेवढा तुझ्या वन्संचा असणार.

आता जे लिहितोय ते शांतपणे वाच. एकशे अकरा योजना आल्या आणि पहिली चाळणी माझ्याच टेबलावर आली. मग वरून आदेश निघाला, की पन्नासपेक्षा कमी माणसांना काम देणाऱ्या योजना बाजूला काढायच्या. तुझ्या कागदावर बत्तीस होते. शेजारचा कारकून म्हणाला, आकडा बदल, कोण बघतंय. मी पेन हातात घेतलंही. पण बाबांनी आपल्याला तसं शिकवलं नाही. आपली म्हणून झुकतं माप दिलं नाही. नामंजूर गठ्ठ्यात ठेवून सही केली.

रागावशील, पण निदान मान वर करून तुला भेटू शकेन. मागची खोली रिकामी आहे. तुझी खाट खिडकीशी लावतो.

रागातही थोडी जागा माझ्यासाठी ठेव.
तुझा धाकटा

ता. ११ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र वन्संना वाचून दाखवलं. त्या आधी हसल्या आणि मग भिंतीला टेकून खालीच बसल्या. अरे, दोरशाळेत सुटी माणसं कधीपासून मोजायला लागलो आपण? एक चाकाशी, एक दोराशी, जशा वन्सं आणि मी, दोघं मिळून एक. बत्तीस म्हणजे बत्तीस जोड्या, चौसष्ट माणसं! आई तागाची लड कमरेला गुंडाळून मागे मागे चालायची आणि तिचं चाक तू फिरवायचास. तुम्ही दोघं एकच धरले जायचात, म्हणून मी अर्धा नाही, मी अर्धा नाही, असं म्हणत तू रडायचास. ते विसरलास?

चूक माझीही आहे. परक्याला लिहिलं असतं तर फोड करून लिहिलं असतं. तू वाचणार म्हणून लिहिलं नाही.

हे वाचून संपताच उठ आणि साहेबांकडे जा.
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

गेलो होतो. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ज्याने नामंजुरीवर सही केली, तोच आता सख्ख्या बहिणीचा आकडा दुप्पट करून आणतोय, यावर वर कोण विश्वास ठेवील, असं त्यांनी विचारलं. यादी वर गेलीय. फेरीबोट एप्रिलअखेर बंद.

माझ्या प्रामाणिकपणाचं कचेरीत कौतुक झालं होतं, ताई. पेढा आणावा तसं मी ते घरी आणून सांगितलं होतं. काल तळहातावर चाकाच्या मुठीचा घट्टा शोधत बसलो. सापडला नाही.

माफ कर असं लिहायचीही लाज वाटते.
धाकटा

ता. २८ एप्रिल

चि. धाकट्यास आशीर्वाद.

वन्सं आज शेवटच्या फेरीबोटीने लेकीकडे निघाल्या. हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. बाकीच्यांना न्यायला पुढच्या आठवड्यात तुमची सरकारी बोट येईल. तिने मी येते. रागावले आहे, ते लपवत नाही. पण तुझ्याकडेच येते, दुसरं कुठे जाऊ? खाट खिडकीशी लावू नकोस. तिथून समुद्र दिसेल.

सकाळी दोरशाळेत गेले होते. सवयीने ताग चाकाला अडकवला आणि मागे मागे चालू लागले. दहा पावलं गेल्यावर लक्षात आलं की चाकाशी कोणी नाही. ताग नुसता जमिनीवर सांडत गेला होता, त्याला पीळच पडला नव्हता.

हलवलेल्यांची यादी तुझ्याच टेबलावर येईल म्हणतात. माझ्या नावापुढे अर्धी लिही. आणि या वेळी फोड करून लिही, वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

तुझी ताई