एक्केचाळिसावं पदक

३ डिसेंबर, हिर्डोशी
पोचलो एकदाचा. भोरहून एसटीनं हाडं खिळखिळी केली, पण ज्यांच्याकडे उतरलोय त्या कोंडिबांच्या घरी नाचणीची गरम भाकरी मिळाली आणि राग गेला. पुढच्या आठवड्यात शेंदऱ्या गडाचा दिवस. तीन महिने वेढा पडला तरी किल्लेदारानं चाळीस माणसांनिशी दरवाजा उघडला नाही, म्हणून त्या चाळीस जणांच्या घरांना गाव दरवर्षी पितळी पदकं देतं. जुना ठसा झिजला, तेव्हा यंदा नवा कोरायला पुण्याहून अस्मादिक.

५ डिसेंबर
नमुन्याचं पदक पाडलं. किल्लेदाराच्या मिशीचा केस न केस उठलाय. माझी पाठ मीच थोपटली. कोंडिबांची आई अक्काबाई म्हणाली, नमुन्यावर छिन्नीनं काट मारा, चाळीसाच्या वर एक बी अख्खं ऱ्हाऊ देऊ नगा. मी मान डोलावली. पण एवढ्या देखण्या कामावर काट कोण मारणार? गावातल्या गोरखचा टेम्पो पुण्याला निघाला होता, त्याच्याबरोबर ते शेफालीला पाठवलं. परवा लेकीचा वाढदिवस.

७ डिसेंबर
शेफालीचा फोन. पदक गळ्यात घातलंय, फार आवडलं म्हणाली. मग विचारलं, गडावर हजर कधी व्हायचं? मी हसलो. ती हसली नाही.

८ डिसेंबर
अक्काबाईला खरं सांगितलं. मग तिनं सगळं सांगितलं. किल्लेदार रोज सकाळी माणसं मोजायचा, पळू पाहणाऱ्याला कड्यावरून लोटायचा. गडावरच्यांना वेढ्याहून त्याचीच धास्ती. चाळीस पदकं मेलेल्यांच्या नावची. वरचं एक ज्याच्या गळ्यात, तो जिता शिबंदीत. गडाच्या दिवशी सकाळच्या मोजणीत सापडला की परत येत न्हाई. त्याआधी पदकावर काट मारली तरच सुटका.

शेफालीला म्हटलं, आत्ता काढ. निघत नाही म्हणाली.

९ डिसेंबर
तिचा फोन बंद. तिच्या खोलीवरची रत्ना सांगते, काल संध्याकाळीच गेली, अनवाणी, चालत. गोरख टेम्पो घेऊन रस्ता धुंडाळतोय. एक काट मारायची होती. माझ्या मिजाशीपायी माझी पोर—

१० डिसेंबर, गड
दुपार. शेफाली दरवाज्यात उभी आहे. ताठ. पाय रक्ताळलेत. मला ओळखत नाही. छिन्नी-हातोडी आणलीय. खाली न्यायला ओढलं, हलत नाही. उद्या सकाळी मोजणी.

गळ्यात नुसती फीत. पदक छातीत रुतलंय. वर कातडी आलीय. खालून मिशी दिसते, केस न केस—

काट पदकावरच मारायची. छिन्नी टेकवली. मारवत नाही, म्हणून लिहीत बसलोय. लिहीन तोवर मारावी लागणार नाही—

ऊन उतरलं. आत कुणीतरी आकडे म्हणतंय. सकाळ झालेली नाही अजून. एकोणचाळीस—

तिनं ओळखलं मला. हातोडी उचलून माझ्या हातात देतेय. म्हणते, बाबा, लवकर—