खोट्या जागा

१६ ऑक्टोबर २००५

मोबाइल घेतला! आईला अजून सांगितलेलं नाही. मुलींना भूगोल शिकवणारी मुलगी सुट्टीत खडकावर बसून गळाने मासे गरवते, हा धक्का ती अजून पचवतेय. त्यात हे.

कल्पना निलेशची. त्याचं दुकानच मोबाइलचं, त्यामुळे त्याला कशातही मोबाइल दिसतो. म्हणाला, "मॅडम, आपण चौघं गरीवाले चार दिशांना बसतो. एकाला लागतंय ते दुसऱ्याला कळत नाही. आता ज्याला लागेल त्याने तिघांना एसेमेस टाकायचा." चौघं म्हणजे मी, निलेश, मला गरी धरायला शिकवणारे आप्पा आणि जहाजावरून रजेवर आलेला सलिल. सलिलला मी एकदाच बघितलंय, मांडवीच्या धक्क्यावर, पाठमोरा.

१८ ऑक्टोबर

पहिला मेसेज! इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचायला आधी वेळ लागला. निलेशचा. मांडवी, लागतंय. शाळा सुटल्या सुटल्या साडी खोचून मांडवीला. तिथे भेळवाला आणि दोन कुत्री. निलेश कुठे? पार दुसऱ्या टोकाला, मिऱ्याला!

आप्पांकडे तक्रार नेली तर ते हसून हसून खोकले. "अगो, खरी जागा कोण सांगतो काय? मासा ऐकत असतो. लागतंय एवढं समजलं ना? आता शोध."

म्हणजे मोबाइल घेऊन खोटं बोलायचं. मग घेतला कशाला? पण आप्पांपुढे वाद घालण्यात अर्थ नसतो. चाळीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, शेवटचा शब्द त्यांचाच.

३० ऑक्टोबर

मजा अशी की खोटंसुद्धा माणूस एकाच पद्धतीने बोलतो. आप्पा मांडवी म्हणाले की ते आपल्या घराजवळच, पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्याला. निलेश कायम विरुद्ध टोक सांगतो. आणि सलिल? त्याच्या दोनच जागा, आरे आणि भाट्ये. आरे लिहिलं की तो भाट्याला, भाट्ये लिहिलं की आरेला. एकदाही चुकत नाही.

आता वर्गात मुली नकाशा भरत असतात आणि मी खिडकीशी उभी राहून बाकीचे तिघे कुठे बसलेत ते मनात भरते. एक इथे, एक तिथे, सगळ्यांचे दोर पाण्यात. कुणी कुणाशी बोलत नाही, तरी सगळे एकत्र. छान वाटतं. हेडबाईंनी दोनदा हाक मारली म्हणे. ऐकू आली नाही.

१३ नोव्हेंबर

सलिलचा मेसेज: भाट्ये. मी सरळ स्कूटी काढली आणि आरेला. वरच्या वळणावरून दिसलाच, खाली खडकावर.

"तुम्ही इथे कशा?"

"तुम्ही भाट्ये लिहिलंत म्हणून."

इतका हसला की त्याचा दोर खडकात अडकला आणि तुटला. मग दुसरी गरी बांधेपर्यंत गप्पा. मग अंधार पडेपर्यंत गप्पाच. मासा एक, तोही बोटाएवढा. सोडून दिला.

२७ नोव्हेंबर

परत आरे. परत "योगायोगाने".

तो जहाजावर इंजिनात असतो. सांगतो, आत इतका आवाज की नऊ महिने कानात समुद्र नसतोच, नुसतं यंत्र. समुद्र ऐकायला रजेवर घरी यावं लागतं! मी ज्या बंदरांची नावं मुलींकडून घोकून घेते तिथे हा जाऊन आलाय. विचारलं, कसं असतं? म्हणाला, "सगळीकडे क्रेन. एक सांगू का, आरेसारखं काही नाही." मी त्याच्याकडे न बघता दोराकडे बघत होते. दोर हलला होता की नाही, देव जाणे.

खाली खडकावर रेंज अजिबात नसते. मेसेज टाकायचा तर वरच्या वळणापर्यंत चढून जावं लागतं. तो म्हणाला, "हेच बरं आहे." मलाही तेच वाटत होतं.

९ डिसेंबर

तो मला "तू" म्हणाला. चुकून. मग सुधारलं नाही त्याने.

१८ डिसेंबर

आईला कळलं. मोबाइलचं, आणि बहुतेक बाकीचंही. "अगो, पिशवीला वास येतो हो तुझ्या. मासा तर कधी आणत नाहीस, मग आणतेस काय तिकडून?" मी म्हटलं, वारा. "वाऱ्याला काही नाव-गाव आहे का?" असं म्हणून ती सोलकढी ढवळत बसली. तिला हसू आवरत नव्हतं. मला राग यायला हवा होता, आला नाही.

रात्री झोप नाही. आडवी पडले की अंथरूण हळूहळू डुलतं, भरतीला होडी डुलते तसं. दिवसभर खडकावर बसल्याचा परिणाम म्हणे. खडक कुठे डुलतो?

२ जानेवारी २००६

कंपनीचा फोन आला त्याला. रविवारी रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथून जहाज. परत यायला दिवाळी.

भाट्याला भेटला होता. (मेसेजात अर्थात आरे.) आप्पा शेजारीच बसले होते, बोलणार काय डोंबल!

लिहूनच टाकते. तो मला आवडतो. चौतिसाव्या वर्षी असं काही लिहीन असं वाटलं नव्हतं. तो जायच्या आत त्याला हे सांगायचंय. नाही सांगितलं तर नऊ महिने मी नकाशावर बोट फिरवत बसेन, आणि तो यंत्राशेजारी काहीही माहीत नसताना. नाही, सांगायचंच.

७ जानेवारी, शनिवार

दुपारी मेसेज. फक्त मला! "आरे. पाच वाजता. गरी आणू नको, नुसती ये."

निळी साडी नेसले. मोगरा नव्हता, अबोलीवर भागवलं. आई बघत होती. स्कूटी काढली आणि सरळ भाट्याला. आरे म्हणजे भाट्ये, हे मला झोपेतही कळतं. मनात म्हटलं, बघ कसा, आजच्या दिवशीही खोटी जागा लिहितो! लाडाने म्हटलं.

तो नव्हता.

सुरूच्या बनाशी बसले. लाटा आल्या, गेल्या. मनात सगळी वाक्यं जुळवली होती, पहिलं कुठलं, दुसरं कुठलं. सूर्य बुडाला. फोन लावला. लागेना. बाई सांगते, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बंदच करून ठेवला असणार! माणसाने यायचं नसेल तर बोलवू नये.

घरी आले. आईने ताट वाढलं. जेवले नाही.

८ जानेवारी

सकाळी त्याचा फोन. वाजू दिला. थोड्या वेळाने परत. आई म्हणाली, "उचल की." नाही उचलला. मला हसण्यावारी नेतो काय? मी इथे अबोली माळून बसले होते!

संध्याकाळी एसटी स्टँडवर जावं असं वाटलं. पायात चप्पल घातली. काढली.

९ जानेवारी

गेला.

२९ जानेवारी

बऱ्याच दिवसांनी गरी घेऊन बाहेर. पांढऱ्या समुद्राला आप्पांशेजारी बसले. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे बघून घेतलं. मग म्हणाले, "सलिलचं काय बिनसलं गो तुझ्याशी?"

मी म्हटलं, बोलवून आला नाही.

"कधी?"

"जायच्या आदल्या दिवशी. शनिवारी."

आप्पांनी दोर गुंडाळायला घेतला. "शनिवारी मी आरेच्या भैणीकडनं येत होतो. एसटीतनं बघितला त्याला. खाली खडकावर बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. हातात गरी नाय. मी म्हटलं, हा बिनगरीचा करतो काय?"

मी म्हटलं, पण तो आरे लिहितो तेव्हा भाट्याला असतो!

"माशासाठी गो. तुझ्याशी कशाला खोटं बोलेल?"

फोन लागत नव्हता, मी म्हटलं.

"आरेला रेंज कुठं असते?"

हे मला माहीत होतं. मला हे माहीत होतं! त्याच खडकावर त्याच्याशेजारी बसून, रेंज नाही हेच बरं, असं मला वाटलं होतं. गरी आणू नको, म्हणाला. मासे नकोत, नुसती ये. इतकं सरळ कुणी कधी लिहिलं होतं मला? आणि मी शहाणी, त्याचं उलटं वाचत बसले. तो तिकडे, मी इकडे, मध्ये सगळं गाव.

घरी आल्यावर आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती केसातली रेती काढत बसली.

३० जानेवारी

त्याचा नंबर बंद. भर समुद्रात असणार. तरी रोज एकदा लावते.

१९ फेब्रुवारी

आरेला गेले. खडकावर बसले. दोर टाकलाच नाही. पाणी एवढं शांत होतं की बसल्या बसल्या डोळा लागला. स्वप्नात तो काहीतरी सांगत होता आणि मी म्हणत होते, जरा मोठ्याने, यंत्र बंद कर. जाग आली तेव्हा पायाशी भरती आली होती.

१२ मार्च

लांबलचक अनोळखी नंबरावरून मेसेज, आम्हा तिघांना. सलिल. "बंदरात पोचलो. इथे मजेत. कुणाची आठवण येत नाही."

आप्पांनी लगेच फोन केला. "बघितलंस? खोटारडा मेला!" खुशीत होते.

मी तासभर हातात धरून बसले. खोटं असेल. किंवा खरं असेल. एकदा त्याचं खरं मी खोटं धरलंय, आता काहीच धरून नाही चालायचं.

त्याला एकट्याला लिहिलं: "मला येते. हे खरं आहे."