तुळशीतल्या शंखाची हकीकत

राजाजीनगर, बेंगळुरू
कोजागरीनंतरचा रविवार

तीर्थरूप भागुआत्यास,

पवित्राचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी इकडे बरी आहे (तब्येतीने, मनाचं पुढे येईलच). तुझा गुडघा काय म्हणतो? म्हैस व्यायली का? महांतेशला आशीर्वाद सांग, पण हे पत्र त्याच्या हाती देऊ नकोस. मी फोनच केला असता, पण तुझा लेक तो स्पीकरवर टाकतो आणि माझी सुखदुःखं निपाणीच्या स्टँडपर्यंत ऐकू जातात. तेव्हा चष्मा लाव आणि सावकाश वाच.

आईने तुला सांगितलंच असेल की एवढी शिकवलेली पोर बेंगळुरात जाऊन उकिरडा करून बसली. आत्या, तो उकिरडा नाही. माझ्या खोलीच्या दाराशी, गच्चीवर, मातीचे तीन माठ एकावर एक ठेवलेत. भाजीची देठं, फळांची सालं, शिळा भात वरच्या माठात टाकायचा, त्यावर मूठभर वाळका पाला, अधूनमधून ताकाचा शिपका. दोनेक महिन्यांनी खालच्या माठातून काळंभोर खत निघतं, आणि त्याला घाण येत नाही, नांगरलेल्या रानाचा वास येतो. या शहराचा कचरा गाड्या भरभरून गावाबाहेर ओततात आणि तिथल्या लोकांच्या विहिरी नासतात, हे कॉलेजात कळलं तेव्हापासून मला स्वस्थता नाही. कचरा आपला, मग नाक दुसऱ्याने का धरायचं? आपल्या घरात आलेली ही पहिली पदवी काही भिंतीवर टांगायला घेतलेली नाही (बाबांनी टांगलीय, तीही देवांच्या तसबिरींच्या रांगेत).

आता घरमालकीण. कस्तुरीअक्का. चार पिढ्या इथेच गेलेल्या, बोलतात मराठीच, पण त्यात कन्नड इतकं कालवलेलं की ओला आणि सुका कचरा निवडावा तसं निवडत ऐकावं लागतं. सोवळं कडक. त्याला त्या मडी म्हणतात, आणि मडीच्या वेळेस जिन्यावर माझी चाहूलसुद्धा चालत नाही. खोली देताना त्यांनी एवढंच विचारलं होतं की मटण-मासे करणार नाहीस ना. मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. आता तूच सांग, आपल्याकडे अंडं कधी कुणी मटणात धरलंय?

तर यांची तुळस वाळत चालली होती. मी आपलं माझं खत नेऊन घातलं. महिन्याभरात तुळस अशी फुलली की बाहेरचे लोक फाटकाशी थांबून बघायला लागले. अक्कांनी पहिल्यांदा मला मायेने 'स्वल्प पायस घे' म्हणून खिरीची वाटी दिली. परवा त्या वृंदावनातली माती हलवत होत्या, तर हाताला एक पांढरा, गुळगुळीत, वाटोळा तुकडा लागला. त्यांना वाटलं, तुळशीने शंख दिला. (अंड्याची टरफलं सहजी कुजत नाहीत, आत्या. बारीक कुटून टाकायची असतात. त्या दिवशी मला ऑफिसला उशीर झाला होता.) त्यांनी तो धुतला, हळद-कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवला. संध्याकाळी भजनाच्या बायका आल्या. जे. पी. नगरहून प्रमोदिनीमावशीही आल्या, त्या अक्कांच्या मावसबहीण, बोलायला फटकळ. एकेकीने तो शंख डोळ्यांना लावला.

मी दारात उभी होते. गप्प बसता आलं असतं. पण ज्या शिक्षणापायी बाबांनी तंबाखूच्या वखारीत पोती उचलली, ते घेऊन अंधश्रद्धेसमोर गप्प बसायचं? मी म्हणाले, "अक्का, तो शंख नाही, अंड्याचं टरफल आहे." आणि त्यांना बरं वाटावं म्हणून हेही सांगितलं की शंख काय, टरफल काय, पदार्थ एकच, चुनखडी.

त्याने कोणालाच बरं वाटलं नाही. प्रमोदिनीमावशी पदराने डोळे पुसत सुटल्या (रडू नव्हतं ते, स्पर्श पुसत होत्या). भजन थांबलं, देवांना आंघोळी झाल्या, आणि अक्का मला म्हणाल्या, "दिवाळीच्या आत खोली खाली कर. त्या सुशांतला बघ. त्याच्या खोलीत कचराच होत नाही."

आत्या, इथे माझं डोकं फिरलं. हा सुशांत खालच्या खोलीत राहतो, पुण्याचा, संगणकातला. हा रोज रात्री बिर्याणी मागवतो. सकाळी हाडं, डबे, सगळं एका काळ्या पिशवीत बांधतो आणि ऑफिसला जाता जाता चालत्या स्कूटरवरून कोपऱ्यावर भिरकावतो. तिथे कुत्री ती फोडतात आणि गल्लीभर ओढतात. मी त्याला जाब विचारला, तर हसून म्हणतो, "अगं, सिंपल आहे. तू कचरा जपून ठेवतेस, म्हणून लोकांना कळतं तू काय खातेस." म्हणजे जो आपली घाण गल्लीला वाटतो तो सोज्वळ, आणि जी आपल्या दाराशी सांभाळते ती बाटलेली. हा कुठला न्याय?

अक्कांनी आईला फोन केला, आईने बाबांना सांगितलं, आणि बाबा म्हणतात खोली गेली तर सामान बांध, तिथल्या यशवंतपूरच्या नोकरीवाचून काही अडलेलं नाही, घरी ये. आत्या, माझं अडलेलं आहे. तुझ्या शब्दाबाहेर बाबा नाहीत. त्यांना सांग की पोरगी चुकलेली नाही. मी माफी मागणार नाही, माठ हलवणार नाही आणि एक अक्षर लपवणार नाही.

तुझी,
पवित्रा

ता. क. पत्र पाकिटात घालताना अक्का वर आल्या. कार्तिकात तुळशीचं लग्न आहे आणि प्रमोदिनीमावशींच्या नवरीच्या नुसत्या काड्या राहिल्यात. भजनातल्या सगळ्यांनाच ते खत हवंय. अक्का माठांकडे बघत म्हणाल्या, "त्यातलं पांढरं दिसलं नाही पाहिजे. मी विचारत नाही, तू सांगू नको. मग राहा हवं तितकं. सरी?" मी सरी, म्हणजे बरं, म्हणाले. तेव्हा बाबांना सध्या काही बोलू नकोस.

ता. ता. क. महांतेश गुळाची गाडी घेऊन यशवंतपूरला येईल, तेव्हा त्याच्याबरोबर तुझी मैद्याची बारीक चाळण पाठव. इथल्या चाळणींतून टरफल पडतं. आईने विचारलं तर चकल्यांसाठी म्हणून सांग. परत मिळेल अशी आशा ठेवू नकोस.

आणखी एक. त्यापेक्षा अंडीच सोडावीत, असा विचार मी आज सकाळी अगदी मनापासून केला. नाश्त्यापर्यंत केला.